सलाईनही औषधच आहे

तंबोऱ्यांच्या आणि दवाखान्यांच्या मिरजेत संमेलनाला आलेल्या गावोगावच्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे मी स्वागत करतो. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून राज्याच्या सीमेपलीकडचे रुग्णही मिरजेची वाट धरतात.

आज बोलायचे आहे ते सलाईनबद्दल. १८३२ साली स्कॉटलंडातील लीथ इथे डॉ. थॉमस लॅटा यांनी पटकीच्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले आणि गेल्यात जमा असलेली काही माणसे उठून बसली. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पाजून हजारोंना वाचवले. शिरेऐवजी पेला केव्हा पुरतो, हे आपल्याच देशात दिसून आले. तरीही ‘डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. आणि लावतोही! पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे ताकद जेमतेम एका केळ्याची. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत मीठ साडेचार ग्रॅम. हृदय थकलेल्या आजोबांना ते किती महागात पडेल, हे या सभागृहात सांगायला नको. या सलाईनमधले क्लोराइड लिटरमागे १५४ मिलिमोल, रक्तातले शंभरच्या आसपास. नावात ‘नॉर्मल’ असले म्हणून काय झाले?

केसपेपरवर मात्र ‘एनएस दोन, आरएल दोन’, म्हणजे नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेटच्या दोन-दोन बाटल्या, एवढेच. वेग नाही, थांबायची वेळ नाही. अर्धा लिटर चार तासांत द्यायचे, तर मिलिलिटरला वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हा हिशेब सिस्टरने घड्याळ धरून करायचा, आणि तिची पाठ वळली की नातेवाईक चाक सैल करणार, ‘लवकर संपू दे’ म्हणून. सोडियम घाईने चढवले तर मेंदूला इजा होते, पोटॅशियम तर थेट शिरेत ढकलायचेच नसते. अशा औषधाला मात्रा न लिहिण्याची सवय आपल्याला लागली कशी, हे मला कोडेच आहे.

मागणे एकच : उद्या राऊंडला गेल्यावर आधी सिस्टरने भरलेला इनटेक-आउटपुट चार्ट वाचा, आणि मगच पुढची बाटली लिहा.