‘लॅबिरिंथ’ पुन्हा बघताना

आज बोलूया जिम हेन्सनच्या ‘लॅबिरिंथ’बद्दल. १९८६चा पिक्चर. रडणाऱ्या सावत्र भावाला वैतागून सारा म्हणते, याला गॉब्लिन घेऊन जावोत. आणि ते खरंच नेतात! मग १३ तासांत चक्रव्यूह पार करून त्याला सोडवायचं.

शाळेत असताना सीडीवर पाहिला, तेव्हा फक्त डेव्हिड बोवीची गाणी आणि बाहुल्या आवडल्या होत्या. परवा पाहिला तो इंजिनिअरच्या नजरेनं. हॉगलचंच बघा ना: सूटच्या आत शॅरी वायझर, आणि त्याचा चेहरा बाहेरून रिमोटवर हलवणारी अख्खी टीम. त्यात जिमचा मुलगा ब्रायन, आवाजही त्याचाच. बोवीच्या हातात फिरणारे ते चमकदार गोळे? मागे लपलेला मायकेल मोशेन ते न बघता फिरवतोय!

पण मी अडकलो सुरुवातीलाच, साराच्या त्या वाक्यावर. धाकटी बहीण झाली तेव्हा मीही आईला म्हटलं होतं, हिला परत देऊन ये.

पिक्चर संपल्यावर तिला फोन लावला, दोन महिन्यांनी. ती घाबरून म्हणाली, “दादा, सगळं ठीक आहे ना?”

“हो गं, सहज केला.”

मग तासभर बोललो. तुम्हीही बघा, जमलं तर भावंडासोबत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!