भिंतीवरची सायकल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गात फळ्यापाशी बोलावलं की माझे पाय लटपटायचे. आजही लटपटतायत, कारण थोडं विरोधातलं बोलायचं आहे. बाई, सांभाळून घ्या.

कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष मलेशियात पेनांग बेटावर होते. तिथलं जॉर्ज टाउन आपल्यासारखंच बंदराचं, पण खूप मोठं. १७८६ साली फ्रान्सिस लाइटने वसवलेलं. चिनी, मलय, तमिळ, अरब असे सगळे तिथे आले. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मध्ये उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक, अशी घरांची रांग. २००८मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं.

२०१२मध्ये एर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने आर्मेनियन स्ट्रीटच्या एका भिंतीवर दोन मुलं रंगवली. मुलं चित्रातली, सायकल मात्र खरी, भिंतीला जोडलेली. फोटोसाठी तिथे रांग लागते. मीही उभी राहिले, आणि तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकला.

ऑफिसमधल्या एका स्थानिक सहकाऱ्याने तो पाहिला. म्हणाला, "माझी आजी तिथेच जवळ राहायची." १९४८पूर्वीच्या घरांची भाडी १९६६च्या कायद्याने बांधलेली होती. तो कायदा उठला आणि २०००पासून भाडी भडकली. आजीसारखी कितीतरी कुटुंबं शहराबाहेर गेली. भिंतीवर मुलं आली, तेव्हा गल्लीतली बरीचशी आधीच गेलेली होती.

त्यानेच मला एक पोपडे सुटलेली भिंत दाखवली. जुन्या चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडते. मग क्षार फुगतात आणि गिलावा आतली वीट घेऊन सुटतो.

आता मुद्द्यावर येते. आपल्या जुन्या जांभ्याच्या इमारतीला सिमेंट मारून त्यावर चित्रं काढायचं समितीने ठरवलंय. ग्रुपवर सगळ्यात आधी अंगठा मीच दिला होता. तो मी आज मागे घेते.

आधी कौलं शाकारूया, पन्हळ बदलूया, भिंतींना चुनाच लावूया. चुन्याचं काम जाणणारे गवंडी शोधावे लागतील. ते काम माझ्याकडे द्या. चित्रं जरूर काढूया, पण कंपाउंडच्या नव्या भिंतीवर, आणि ती शाळेतल्या मुलांनी काढावीत. आपल्या वेळी एकेका वर्गाच्या दोन तुकड्या होत्या, आज एक भरताना सरांची दमछाक होते. म्हणून उरलेल्या पैशातून लांबच्या वाडीतल्या मुलांसाठी सायकली घेऊया.

त्या सायकली भिंतीला जोडायच्या नाहीत. रोज सकाळी दहा वाजता त्या शाळेच्या फाटकातून आत याव्यात, एवढंच मागणं आहे.