चट्टा सापडला, पुढे काय?



आपल्या दंतवैद्यक परिषदेच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आभाराचा भाग इथेच आटोपतो, कारण संयोजकांनी माझे भाषण आणि जेवण यांच्यात फारसे अंतर ठेवलेले नाही.

सोलापुरात तोंडाच्या कर्करोगावर बोलायला निमित्त शोधावे लागत नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. त्याच्याही बरेच आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन माणसांची तोंडे तपासत होते. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या पाहणीवरचा त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कुठे बघायचे आणि काय सापडते, हे आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, तोंडाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या बायका शेकडा एकसुद्धा भरल्या नाहीत. पुरुष भरले १.२ टक्के. सरकारची मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा बघावे, असे ती सांगते. २०१७ च्या डिसेंबरात आपल्या राज्याने त्यासाठी महिनाभर मोहीमही काढली होती. मोहीम चांगलीच होती, पण महिना संपला की मोहीम संपते आणि चट्टा मात्र वाढत राहतो.

तपासणी म्हणाल तर दोन-तीन मिनिटांचे काम. कवळी असेल तर काढायची, चूळ भरायला सांगायची, टॉर्च धरायचा. पण त्या दोन मिनिटांत नजर कुठे जाते, यावर सगळे अवलंबून आहे. परदेशी पुस्तके जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा आधी बघायला सांगतात. आपल्याकडचा माणूस तंबाखूचा बार भरतो तो खालच्या ओठाच्या किंवा गालाच्या आत, हिरडीला लागून. आपल्याकडचा कर्करोग बऱ्याचदा तिथेच उगवतो. दोन बोटांनी गाल बाहेर ओढून तो खळगा शेवटच्या दाढेपर्यंत उघडून पाहिला नाही, तर तपासणी झाली असे म्हणण्यात अर्थ नाही. पांढरा चट्टा दिसला तर बोट फिरवून बघा: पुसला जातो का, खाली काही कडक लागते का? लाल चट्टा दिसला तर जास्त सावध व्हा. दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम असेल, तर मलम देऊन परत पाठवू नका.

इथे थोडे आपल्याविषयीही बोलतो. आपल्या खुर्चीत रोज माणसे आपणहून तोंड उघडून बसतात. सरकारला लाखो रुपये खर्चून जे जमत नाही, ते आपल्याकडे दाढदुखीमुळे आयते घडते. आणि आपण बघतो काय? ती एक दाढ! रूट कॅनाल होते, कॅप बसते, बिल होते. समोरच्या गालात काय चालले आहे ते कोणी पाहिलेले नसते.

प्रश्न विचारण्यातही आपण कमी पडतो. ‘तंबाखू खाता का?’ असे बायकांना विचारले की ‘नाही’ असे उत्तर येते, आणि ते खरेही असते; तंबाखूची मशेरी कोणी खात नाही, लावतात. तेव्हा ‘सकाळी दाताला काय लावता?’ असे विचारा. आणि हा प्रश्न सासूसमोर नको.

आता मुद्द्यावर येतो. तोंड तपासल्याने माणसे वाचतात का? या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर केरळातून आले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायती १९९६ मध्ये डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी निवडल्या. सातांमध्ये दर तीन वर्षांनी घरोघर तपासणी, सहांमध्ये नेहमीचीच व्यवस्था. तपासणारे डॉक्टर नव्हते. पदवी झालेल्या, पण वैद्यकाशी संबंध नसलेल्या तरुणांना शिकवून तयार केले होते. तीन फेऱ्यांनंतर २००५ मध्ये निष्कर्ष आले. एकूण लोकसंख्येत मृत्यू कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत मात्र तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. यातून मी एवढेच घेतो की पहिला टॉर्च ज्यांच्या खिशात पुडी आहे, त्यांच्यावर पडावा. सगळ्यांची तोंडे तपासण्याच्या नादात ज्यांचे तपासायला हवे तेच शेतावर किंवा ट्रकवर असल्यामुळे सुटतात, आणि यादी भरते घरी सापडणाऱ्यांची.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त छळतो. तपासणीत ५,१४५ जणांच्या तोंडात संशयास्पद काही आढळले. त्यांतले डॉक्टरांपर्यंत पोचले ३,२१८. जवळजवळ दोन हजार माणसे गेलीच नाहीत! केरळसारख्या शिकलेल्या राज्यात, पैसा आणि माणूसबळ असलेल्या अभ्यासात ही स्थिती. आपल्याकडे काय होत असेल?

काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. शिबिरात बाईच्या गालात चट्टा सापडतो. ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते. घडी घालून ती पिशवीत तळाला जाते. मोठा दवाखाना म्हणजे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, बरोबर यायला एक माणूस, केसपेपरची रांग, मग ‘बायोप्सी मंगळवारी’, मग ‘रिपोर्ट पुढच्या आठवड्यात’. दुखत तर काहीच नसते. त्यात शेजारीण सांगते, तुकडा काढला की रोग पसरतो. तो पसरत नाही, हे आपण सांगायचे असते, पण शिबिरात दोनशे माणसे रांगेत असतात. सहा महिन्यांनी घास गिळता येईनासा होतो आणि मग बाई आपणहून येते. लवकर सापडलेल्या रुग्णांतले पाचांपैकी चार जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. उशिरा आलेल्यांत निम्मेही नसतात. आणि आपल्याकडे बहुसंख्य उशिराच येतात.

म्हणून माझे म्हणणे असे की आपण चुकीची गोष्ट मोजतो आहोत. शिबिराच्या अहवालात ‘तपासलेली तोंडे’ हा रकाना ठळक असतो. संशयित किती, त्यांतल्या किती जणांचा तुकडा तपासला, किती जणांचे उपचार सुरू झाले, हे रकाने एक तर नसतात किंवा कोरे असतात. शेवटचा रकाना भरता येत नसेल, तर शिबिराचा फ्लेक्सही लावू नये, या मताला मी आलो आहे.

यावर करण्यासारखे एक काम आपल्या हातात आहे. बायोप्सी ही जागा बधिर करून होणारी छोटी प्रक्रिया आहे. आपल्यातल्या बहुतेकांना ती येते. दाढ काढणाऱ्याला ती अवघड नाही. ग्रामीण रुग्णालयातला दंतशल्यचिकित्सक किंवा तालुक्याच्या गावचा आपला सभासद ती त्याच दिवशी करू शकतो. फॉर्मेलिनच्या बाटलीतला तुकडा जिल्ह्याला किंवा जवळच्या दंत महाविद्यालयात जाईल, आणि अहवाल फोनवर येईल. एसटीचा प्रवास तुकड्याने करावा, बाईने कशाला? अहवाल वाईट निघालाच, तर तिला नेमक्या डॉक्टरकडे, नेमक्या दिवशी पाठवता येईल. आशाताई तिच्याबरोबर जाऊ शकतील, पण त्या जाण्याचा मोबदला ठरलेला असायला हवा. आशाताईंच्या चांगुलपणावर किती योजना चालवायच्या, यालाही मर्यादा आहे.

तरुणांविषयी थोडे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या मिळतात आणि गिऱ्हाईक त्या एकत्र करते. विदर्भात खर्रा आहे, इकडे मावा. सगळ्यांत सुपारी आहे, आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. तिशीची अट घालून बसलो, तर तिखट झोंबते म्हणून आईच्या हातची भाजी नाकारणारा, आणि आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात घालता न येणारा बावीस वर्षांचा मुलगा आपल्या यादीत कधीच येणार नाही. सुपारीने तोंड एकदा आखडले की पूर्ववत होणे कठीण. कॉलेजांत निदान तीन बोटांची ही चाचणी तरी घ्या. तिला ना टॉर्च लागतो ना डॉक्टर.

आणखी एक इशारा. तपासून ‘काही नाही’ म्हटले, की तंबाखूवाला खूश होऊन बाहेर पडतो आणि दारातच चुना मळायला घेतो. तेव्हा ‘आज काही नाही’ म्हणा, आणि त्याच श्वासात सोडण्याविषयी बोला. सापडलेले बहुतेक पांढरे चट्टे कर्करोगात बदलत नाहीत हेही सांगा, नाहीतर भीतीने माणूस पुन्हा फिरकतच नाही.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे: प्रत्येक तालुक्यात निदान एका सभासदाने बायोप्सीची जबाबदारी घ्यावी, तुकडा पाठवण्याचा खर्च परिषदेच्या निधीतून व्हावा, आणि पुढच्या अधिवेशनात फक्त उपचार सुरू झालेल्यांचे आकडे मांडावेत. खर्चाच्या कलमावर खजिनदारांचा आक्षेप आहे, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. तुम्हीही वाद घाला, पण ठराव मंजूर झाला तर आपल्या तालुक्याचे नाव आणि मोबाइल नंबर लिहूनच घरी जा. वही बाहेरच्या टेबलावर आहे.