सामन्याची नोंद कोणाच्या हाती?



गावच्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगात आलेला असतो, तेव्हा कडेला टेबलाशी बसून एक गृहस्थ गुणपत्रिका भरीत असतात. त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सामना संपला, पंचांच्या सह्या झाल्या, की ती पत्रिका कपाटात जाते. आणि चढाईपटू नेमका कोणत्या कोपऱ्यात पकडला गेला, हे दोन दिवसांनी केवळ त्याच्या स्वतःच्या स्मरणात उरते. ई-स्पोर्ट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय क्रीडास्पर्धांत या टेबलाची गरजच उरलेली नाही. तेथे मैदान संगणकातच असते आणि ते मैदानच नोंद लिहीत जाते.

ही नोंद किती बारीक असते, याची कल्पना काउंटर-स्ट्राइक या खेळावरून येईल. पाच-पाच खेळाडूंच्या दोन संघांत तो खेळला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत यजमान संगणक खेळाची स्थिती सेकंदाला ६४ वेळा मोजतो. कोण कोठे उभा होता, कोणत्या दिशेला पाहत होता, गोळी कधी सुटली, कोणास लागली, हे सारे एका फाइलमध्ये साठते. ती फाइल उघडली की सामना पुन्हा उभा राहतो आणि वाटेल त्या खेळाडूच्या नजरेतून पाहता येतो.

या नोंदीचा पहिला लाभार्थी अर्थातच प्रशिक्षक होय. प्रतिस्पर्धी संघाचे मागील सामने तो पुन्हा पुन्हा पाहतो. या खेळात प्रत्येक फेरीपूर्वी शस्त्रे विकत घ्यावी लागतात. म्हणून गाठीला पैसा कमी असताना तो संघ कोणत्या वाटेने चाल करतो, कोणाला पुढे पाठवतो, अशा सवयी तो टिपून ठेवतो. खेळाडूंचे मूल्यमापनही यातूनच होते. या खेळाची आकडेवारी ठेवणाऱ्या एचएलटीव्ही या संस्थेने २०१० मध्ये खेळाडूंसाठी एक गुणांक सुरू केला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. सुधारित गुणांकात किती गडी बाद केले एवढेच पाहिले जात नाही. सहकाऱ्यास मदत केली का, फेरीअखेर टिकून राहिला का, स्वतः बाद झाल्यावर सहकाऱ्याने लगेच त्याची परतफेड केली का, याचीही गणना होते. तरीसुद्धा जो खेळाडू इतरांना वाट मोकळी करून देण्यासाठी स्वतः पुढे होऊन बाद होतो, त्याच्या पदरी बहुधा कमीच आकडे पडतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ही अडचण नव्याने सांगावयास नको.

खेळ निर्माण करणारी कंपनी त्याच नोंदीकडे निराळ्या दृष्टीने पाहते. लीग ऑफ लेजंड्स या खेळात दीडशेहून अधिक पात्रे आहेत. त्यांतील एखादे अवाजवी प्रबळ झाले, तर बाकीची निरुपयोगी ठरतात. रायट या कंपनीने २०१९ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. सामान्य, कुशल, अतिकुशल आणि व्यावसायिक अशा चार थरांतील खेळाडूंचे सामने वेगवेगळे तपासून पात्रांची शक्ती कमी-अधिक केली जाते. व्यावसायिक खेळाडूंच्या हाती घातक ठरणारे पात्र नवशिक्याच्या हाती निष्प्रभ असू शकते, हे त्यामागील कारण. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थांचा उपयोग त्या मानाने सरळ आहे. पडद्यावरील तक्ते आणि समालोचकाच्या तोंडचे आकडे याच प्रवाहातून येतात.

सट्ट्याचा व्यवसाय हा या नोंदीचा मोठा ग्राहक आहे, ही गोष्ट मात्र जपून समजून घ्यावी लागते. प्रेक्षकांना दिसणारे चित्र पुष्कळदा हेतुतः काही काळ उशिरा दाखवले जाते, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याची हालचाल त्या चित्रावरून कळू नये. सामना चालू असताना भाव ठरवणाऱ्यास मात्र ताजी माहिती हवी असते आणि ती विकत मिळते. २०१० मध्ये दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक खेळाडूंनी पैशासाठी सामने हरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्या देशातील या खेळाची प्रतिष्ठा खालावली.

त्याच नोंदीने गैरप्रकार उघड कसा होतो, याचे उदाहरण २०२० मधील आहे. काउंटर-स्ट्राइकच्या सामन्यात प्रशिक्षकाला केवळ आपल्या खेळाडूंच्या नजरेतूनच खेळ पाहण्याची परवानगी असते. प्रणालीतील एका दोषामुळे त्याचा कॅमेरा नकाशावरील एखाद्या जागी अडकून राही आणि प्रतिस्पर्ध्यांची हालचाल त्याला आयती दिसे. काहींनी हा दोष कळवला, काहींनी मौन पाळून त्याचा फायदा घेतला. कोणी तक्रार केली नसती तर बाहेरून काहीच कळण्याजोगे नव्हते. परंतु जुन्या सामन्यांच्या फाइल्स जपून ठेवलेल्या होत्या आणि प्रशिक्षकाचा कॅमेरा कोठे होता, हेही त्यांत लिहिलेले होते. संगणकाच्या साहाय्याने त्या चाळण्यात आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ई-स्पोर्ट्समधील सचोटीचे काम पाहणाऱ्या ईएसआयसी या आयोगाने ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. काहींवरील बंदी तीन वर्षांपर्यंतची होती. गुन्हा कबूल करून सहकार्य करणाऱ्यांना सवलत मिळाली. वर्षापूर्वीच्या सामन्यातील कृत्याचा जाब अशा रीतीने विचारला जाणे, हे मैदानी खेळांत क्वचितच शक्य होते.

हा तपास शक्य झाला, कारण त्या फाइल्स खुल्या होत्या. सर्वत्र तशी स्थिती नाही. कबड्डीवर कोणाची मालकी नाही; संगणकीय खेळ मात्र कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्याची नोंदही तिच्याच स्वाधीन असते. डोटा २ या खेळाच्या सामन्यांच्या फाइल्स कोणासही उतरवून घेता येतात. याउलट व्हॅलोरंट हा खेळ २०२० मध्ये आला, पण संगणकावर खेळणाऱ्या सामान्य खेळाडूस आपलाच सामना पुन्हा पाहण्याची सोय सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाली. मुंबईचा ग्लोबल ई-स्पोर्ट्स हा संघ या खेळाच्या पॅसिफिक विभागातील स्पर्धेत २०२३ पासून खेळू लागला. अशा संघात जाण्याची उमेद बाळगणाऱ्या मुलास पाच वर्षे स्वतःच्या चुका तपासावयाच्या, तर पडद्याचे चित्रीकरण करून ठेवण्यावाचून फारसा उपाय नव्हता.

आपल्या देशात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. प्रवेशशुल्क व बक्षीस यांना मुभा आहे. मात्र ज्यावर कोणीही, अगदी प्रेक्षकानेसुद्धा, पैज लावावयाची असेल, तो ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत बसत नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी रायट कंपनीने अमेरिका व युरोपकडील विभागांतील आपल्या प्रमुख संघांना सट्टा कंपन्यांचे प्रायोजकत्व घेण्याची मोकळीक दिली. एकाच नोंदीला दोन ठिकाणी दोन न्याय लागले.

ग्रामीण भागातील मुलांचा संबंध येतो तो मुख्यतः मोबाइलवरील खेळांशी, आणि तेथेही हाच प्रश्न आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्यानंतर खेळाडूंची वर्षानुवर्षांची खाती बंद पडली. २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुन्या खात्यातील माहिती नव्या खेळात आणण्याची सवलत कंपनीने दिली, तीही ठरावीक मुदतीपुरती. ज्यांना ती मुदत कळली नाही, त्यांची नोंद तेथेच राहिली.