शेवटच्या रांगेतला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाटक संपलं की प्रेक्षक नटांबद्दल बोलतात, नेपथ्याबद्दल बोलतात. ध्वनिव्यवस्थेबद्दल कोणी बोलू लागलं, तर समजावं, काहीतरी बिघडलं होतं. सभागृहांत माईक आणि स्पीकर लावण्याचं काम मी पस्तीस वर्षं करतो आहे. तक्रार आली नाही, की तीच आमची पावती. आज मात्र मला माझ्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे.

एका शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार होता. सरांचं वय ऐंशीच्या पुढे, आवाज मृदू. सभागृह मोठं, मागे बाल्कनी. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर होते आणि बाल्कनीखाली आम्ही दोन छोटे लावले होते. मिक्सर विंगेत. दुपारी रिकाम्या सभागृहात ‘हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन’ झालं. विंगेत खणखणीत ऐकू आलं आणि मी चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी सर बोलायला उभे राहिले. दोन मिनिटांत मागून ओरडा सुरू झाला, ‘आवाज! आवाज!’ मी सगळेच स्पीकर वाढवले. मागचे लोक आणखी ओरडू लागले आणि तेवढ्यात माईकनं कर्णकर्कश शिट्टी मारली. सर दचकले. आपलाच आवाज आता पोचत नाही, असं त्यांना वाटलं. ‘वय झालं, माफ करा,’ एवढं म्हणून त्यांनी हातातले कागद घडी करून खिशात ठेवले आणि ते खाली बसले.

दोष त्यांच्या आवाजात नव्हता, माझ्या मांडणीत होता. तो कसा, ते सांगतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून ३ मीटरवर बसलेला माणूस आणि २४ मीटरवर बसलेला माणूस यांच्यात असा १८ डेसिबलचा फरक पडतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतलेला आवाज ही तूट थोडी भरून काढतो. पण तो आवाज घुमलेला असतो. त्यात स्वर ऐकू येतात, व्यंजनं बुडतात. ‘सात’ म्हटलं की ‘साठ’, हे मागच्या माणसाला कळत नाही. म्हणजे मागे कमी पडतो तो बहुतेक वेळा आवाज नव्हे, स्पष्टपणा.

म्हणून तर मागे छोटे स्पीकर लावायचे. पण इथे दुसरी गंमत आहे. तारेतून जाणारा संदेश मागच्या स्पीकरपर्यंत क्षणार्धात पोचतो. हवेतून जाणारा ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो. २४ मीटर जायला त्याला ७० मिलिसेकंद लागतात. मागच्या रांगेला प्रत्येक शब्द आधी जवळच्या स्पीकरमधून आणि मग रंगमंचाकडून, असा दोनदा ऐकू येत होता. मी आवाज वाढवला म्हणजे दोन्ही शब्द वाढवले! गोंधळ तेवढाच मोठा झाला.

यावरचा उपाय म्हणजे मागच्या स्पीकरला मुद्दाम उशीर करायला लावणं. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये दाखवून दिलं, की एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानं आला, तर कान आधी आलेल्याची दिशा धरतो; मागून आलेला थोडा मोठा असला तरीही. म्हणून आम्ही ७० मिलिसेकंदांवर आणखी दहा-पंधरा घालतो. मग जवळचा स्पीकर शब्द स्वच्छ करतो आणि माणूस मात्र रंगमंचावरूनच बोलतो आहे असं वाटतं. पूर्वी यासाठी वेगळं यंत्र लागायचं, आता डिजिटल मिक्सरमध्येच ही सोय असते.

पातळी जुळवायची माझी पद्धत सोपी आहे. आधी सगळे स्पीकर बंद. मग एकेक चालू करून ऐकायचा. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर आवाज पोकळ होतो, खर्ज गळतो. ते इथेच पकडायचं. मग मोठे स्पीकर पुढच्या रांगांना त्रास होणार नाही इतके ठेवायचे. शेवटी मागचे हळूहळू वाढवायचे. ते चालू आहेत हे जाणवू नये. बंद केले तर मात्र चुकल्यासारखं वाटावं. तिथे थांबायचं. आणि हे सगळं खुर्च्यांमधून चालत करायचं, विंगेत बसून नव्हे. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून सभागृह भरल्यावर पुन्हा एक फेरी मारायची.

शिट्टीचं कारणही अंतरातच आहे. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून वाढत गेला, की ती वाजते. सर माईकपासून हातभर लांब उभे होते. ते अंतर मी निम्मं केलं असतं, तर ६ डेसिबल फुकट मिळाले असते. उलट १०० वॉटऐवजी २०० वॉटचा ॲम्प्लिफायर आणून फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा संयोजकांना माझी विनंती आहे, मोठे स्पीकर मागण्याऐवजी आम्हाला कार्यक्रमाआधी रिकामा अर्धा तास द्या. आणि वक्त्यांनी माईकवर टिचक्या न मारता तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. ‘चूक माझी होती, तुमच्या आवाजाची नव्हती,’ असं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वर्गात शिरलो, की मी आधी शेवटच्या बाकाकडे बघायचो. तिथं पोचतंय, तर सगळीकडे पोचतंय. तूही तेवढं बघत जा.’

त्या कागदांवर काय लिहिलं होतं, ते विचारायचा धीर मला झाला नाही. पण तेव्हापासून दारं उघडण्याआधी मी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पाच मिनिटं बसतो. माझ्या पोरांना वाटतं, मी दमलो म्हणून टेकलो आहे.