फिट नेमकी कुठून उठते?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



कल्याण-डोंबिवलीच्या आपल्या वस्त्यांत फिटचा पेशंट असलेली घरे कमी नाहीत, पण ते सांगणारे कमी. मुलीला फिट येत असेल तर आई शेजारणीलाही कळू देत नाही. लग्न जमणार नाही ही धास्ती. ती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू आहे. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीला फिटही घातली गेली. १९९९ साली संसदेने फिटचा उल्लेख काढून टाकला. पुष्कळांना हे अजून ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

फिट म्हणजे वेड नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. 'ठाण्याला नेऊन टाका' म्हणणारे आजही भेटतात! मेंदूच्या पेशी अगदी बारीक विजेवर काम करतात. एखाद्या जागच्या पुष्कळ पेशी एकदम, एका तालात भडकल्या की फिट येते. ही वीज डोक्याच्या कातडीवरून टिपता येते हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली दाखवले. तीच आपली ई.ई.जी. डोक्याला तारा लावल्या की आयाबाया विचारतात, 'शॉक देणार का?' नाही हो, शॉक देत नाहीत; आतली वीज नुसती टिपून घेतात.

साधारण दहापैकी सातजण गोळ्यांवर चांगले राहतात. खरा प्रश्न उरलेल्या तिघांचा. दोन योग्य औषधे पुऱ्या डोसात घेऊनही फिट थांबत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. पण मेंदूचा कोणता तुकडा काढायचा? शेजारीच बोलण्याची, हात हलवण्याची जागा असू शकते.

लहर केव्हा उठली हे ई.ई.जी. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगते. कुठून उठली, ते मात्र धूसर. मधे कवटी आहे ना! हाडातून वीज नीट जात नाही, लहर पसरट होते. चाळीच्या अंगणात उभे राहून कोणत्या खोलीतला कुकर वाजला ते ओळखा म्हटले तर जमेल का? जवळचा छोटा की लांबचा मोठा, कळत नाही. बाहेरच्या नोंदीला आतली अनेक उत्तरे बसतात, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच सांगून ठेवले होते.

इथे एम.आर.आय. कामाला येतो. तो म्हणजे त्या चाळीचा नकाशा. प्रत्येकाचे डोके निराळे. संगणक फोटोतून कातडी, कवटी, मेंदू वेगवेगळे काढतो. मग मेंदूत या या जागी लहर उठली तर वर कोणत्या तारेवर किती दिसेल, याचा हिशेब मांडतो आणि पेशंटच्या खऱ्या नोंदीशी ताडून पाहतो. जी जागा सगळ्यात चांगली जुळते ती फोटोवर दाखवतो. वीसेक तारांऐवजी १२८ किंवा २५६ तारांची टोपी असली तर उत्तर जास्त पक्के. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये १५२ पेशंटांचा अभ्यास छापला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांची फिट थांबली, त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांत अशा टोपीने आणि स्वतःच्या एम.आर.आय.ने दाखवलेली जागा काढलेल्या भागातच होती. तरी एकट्या संगणकाच्या भरवशावर कोणी सुरी लावत नाही. पेशंटला दाखल करून व्हिडिओसह ई.ई.जी. काढतात, इतर तपासण्या करतात, चार डॉक्टर बसून ठरवतात.

ही शस्त्रक्रिया परदेशातच होते असे समजू नका. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातही होते, कल्याणहून लोकलने जाण्यासारखे आहे.

जाताना काय न्यायचे? एम.आर.आय.ची नुसती फिल्म पुरत नाही, सी.डी. जपून ठेवा, संगणकाला तीच लागते. फिट येताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, सुरुवात कोणत्या हातापासून झाली ते त्यात दिसते. ई.ई.जी.च्या आदल्या दिवशी डोके धुवा, तेल लावू नका. आणि एक ई.ई.जी. नॉर्मल आली म्हणून गोळ्या बंद करू नका. त्या अर्ध्या तासात लहर उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ.