लेक लाडकीचे ७५,००० आत्ता आहेत कुठं?

घरात दोन-तीन वर्षांची पुतणी-भाची असेल, तर आजचा भाग कान देऊन ऐका. विषय आहे लेक लाडकी योजना. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. बेरीज १ लाख १ हजार. सगळीकडे हाच आकडा फिरतो.

मी आकड्याआधी विचारतो, पैसे आत्ता आहेत कुठं?

आधीच्या माझी कन्या भाग्यश्री योजनेत, २०१७ च्या नियमांनुसार, एका मुलीनंतर नसबंदी केली की तिच्या नावानं ५०,००० ची मुदत ठेव व्हायची. दोन मुली असल्या तर २५-२५ हजार. अटी जाचक होत्या, मान्य. पण पैसा बँकेत पडलेला असायचा. लेक लाडकीचे ७५,००० कुठंच ठेवलेले नाहीत. ते २०४१ च्या बजेटमधून यायचे आहेत, आणि तेव्हाचं सरकार कोणाचं हे कोण सांगणार! महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर तेव्हाचे ७५,००० म्हणजे २०२३ चे जेमतेम २६,०००.

उत्पन्नाची मर्यादाही बदलली. भाग्यश्रीत साडेसात लाख होती. आता पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागतं, उत्पन्न लाखाच्या आत. मूर्तिजापूरहून रोज अकोल्याला अप-डाऊन करून महिन्याला बारा हजार कमावणारा बाप कागदावर बाहेर!

आणि हा कायदा नाही बरं का. ३० ऑक्टोबर २०२३ चा जीआर आहे. विधानसभेत मतदान न होता दुसरा जीआर तो बदलू शकतो. भाग्यश्री २०१६ ची, नियम बदलले २०१७ मध्ये, आणि २०२३ मध्ये तिच्या जागी ही आली. वऱ्हाडाला हे नवं नाही. अमरावती-अकोल्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं २०१५ पासूनचं स्वस्त धान्य थांबलं आणि २०२३ मध्ये माणशी महिना १५० रुपये सुरू झाले. तेही जीआरनंच.

मग अर्ज करू नये? काहून नाही करायचा! अंगणवाडी सेविकेकडे द्या, पोच मागा, तिचा फोटो काढून ठेवा. १८ वर्षं जपायचा कागद आहे तो. आलेले ५,००० मात्र बारशात उडवू नका. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं २५० रुपयांत उघडतं, पुढं वर्षाला किमान तेवढेच भरायचे. जानेवारी २०२४ मध्ये व्याज ८.२ टक्के झालं. दर तिमाहीला बदलू शकतं, पण तेच टिकलं तर नुसत्या ५,००० चे १८ वर्षांत वीस हजारांवर होतात. दहावीनंतर शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढताही येते.

आमदार भेटले तर एवढंच विचारा: ६ टक्क्यांनी १८ वर्षांत ७५,००० व्हायला आज साधारण २६,३०० पुरतात. ते पोरीच्या नावानं आजच ठेवीत का टाकत नाही?

काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा.